माझ्या हातचं

आमच्या इमारतीच्या मागे एक मोकळी पट्टी आहे आणि ती कामाची आहे, हे मला विहीणबाईंनी फोनवर सांगितलं. म्हणजे तसं त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे निदान अंगण तरी आहे हो. पोर मोकळी धावेल." त्या 'निदान'मध्ये जे जे कोंबलेलं होतं ते मला बरोबर ऐकू आलं. शाळेत मी फार टिकले नाही, पण शब्दाच्या पोटातला शब्द ओळखायला शाळा लागत नाही.

भानगड नातीची होती. सूनबाईला ऑफिसने काही महिने दुसऱ्या शहरात पाठवायचं ठरवलं. मुलगा कायम फिरतीवर. मग नात, जिला आम्ही भिंगरी म्हणतो, ती राहणार कुठे, इकडच्या आजीकडे की तिकडच्या? मला वाटलं यात विचारण्यासारखं काय आहे. पण सूनबाई म्हणाली, "आई, रागावू नका. मी दोन्हीकडचं बघते आणि मग ठरवते."

बघते म्हणजे? मी काय भाड्याची खोली आहे? पण मी काही बोलले नाही. मी बोलले नाही की आमचे हे घाबरतात, म्हणून ते उठून गच्चीत गेले.

त्याच दुपारी मी मागची पट्टी पाहून आले. इमारत आणि नगरपालिकेची भिंत यांच्यामध्ये चांगली ऐसपैस जागा. साफ केली तर दोरीच्या उड्या मारता येतील, झोका बांधता येईल, विहीणबाईंच्या 'निदान'चं तोंड बंद करता येईल. अडचण एकच. सगळ्या पट्टीवर आणि भिंतीवर एक वेल पसरली होती. तीन-तीन पानांची, देठाला लालसर, आणि पानं अशी तुकतुकीत की कुणी रोज तेलाचा हात फिरवत असावं. मला खरं तर आवडली. मी तिला म्हटलं, बाई, दिसायला चांगली आहेस, पण माझी नात तुझ्यापेक्षा चांगली आहे. आणि कंबर कसली.

सकाळी स्वयंपाक उरकायचा, दुपारी कोयता घेऊन मागे जायचं, असा क्रम सुरू झाला. हे म्हणाले, "अगं, हातमोजे तरी घाल."

"हातमोजे घालून काम करतात ते शस्त्रक्रियेत," मी म्हटलं. "मी गवत काढतेय."

काम झालं की नळाखाली हात धरायचे आणि कोयत्याच्या मुठीला गुंडाळलेल्या फडक्यालाच पुसायचे. साबण मी जेवणाआधी लावते. मातीला साबण कशाला? माती काय परकी आहे?

खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. दारावरच्या पाटीवर त्यांचं काही नाव आहे, पण सगळे त्यांना सल्लागार म्हणतात. ते कधी बाहेर येत नाहीत. खिडकीतूनच सल्ला देतात. पहिल्या दिवशी म्हणाले, "वहिनी, मुळापासून काढा." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मुळं राहू द्या, माती धरून ठेवतात." कापलेल्या वेलींचा ढीग झाला तेव्हा म्हणाले, "जाळून टाका. राख खताला होईल." हा सल्ला मला पटला. मी काडी लावली, पण पाला हिरवा, नुसताच रुसल्यासारखा पडून राहिला. वाळला की जाळू म्हटलं.

तेवढ्यात यांचे गुडघे सुरू झाले.

म्हणजे दुखायला नव्हे. ते कायमच दुखतात आणि मी रोज संध्याकाळी तेल लावून चोळते. आता ते खाजायला लागले. दोन्ही गुडघ्यांवर लाल पुरळ, मग बारीक पाणीदार फोड. हे बिचारे जेवताना टेबलाखाली हात घालून खाजवत. मी म्हटलं, "माणसासारखं बसा." दुसऱ्या सकाळी भिंगरीच्या मानेवर आणि कानांमागे तसंच. आणि त्याच दिवशी समोरच्या शिंपीणबाई आल्या, मनगट पुढे करून म्हणाल्या, "बघा हो, कसं पित्त उठलंय."

झालं. आपल्याकडे अंगावर काहीही उठलं की ते पित्त. डास चावला तरी पित्त, घामोळं आलं तरी पित्त. आणि पित्त म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

"परवा मी तुमच्याकडे जेवले ना," शिंपीणबाई म्हणाल्या. "काय बरं घातलं होतं रश्श्यात?"

"मीठ," मी म्हटलं.

"तसं नाही हो. तुमचे हे पण तुमच्या हातचं खातात, भिंगरी पण तुमच्या हातचं खाते, आणि मी पण खाल्लं. म्हणून आपलं विचारलं."

आपलं विचारलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीने आपलं विचारलं. माझ्या हातचं खाल्लं की पित्त उठतं, ही बातमी दूधवाल्यापर्यंत गेली. मी या हातांनी एवढ्या लोकांना वाढलंय, आजवर कुणी पानात टाकलं नाही, आणि आता माझ्या रश्श्याला रांगेत उभं करून चौकशी चालली होती. त्यात सूनबाईला फोनवर तिच्या आईशी बोलताना मी ऐकलं. ऐकलं म्हणजे दाराजवळून जात होते, जरा हळू जात होते. "नाही गं आई, जेवणातूनच झालं असेल असं नाही... हो, कानामागे... तू येऊन बघ मग."

मला राग आला, हे खोटं नाही. पण रागापेक्षा मला नवल वाटायला लागलं. माझ्या डोक्यात एक खोड आहे. हिशोब जुळला नाही की झोप येत नाही. जेवण पोटात जातं. मग पुरळ यांच्या गुडघ्यांवरच का? गुडघ्यांनी काय जास्त खाल्लं? भिंगरीच्या पोटावर काही नाही, पाठीवर काही नाही, फक्त मान आणि कान. शिंपीणबाईंचं एकच मनगट, तेही उजवं. आणि सल्लागार, जे रोज संध्याकाळी "वास छान येतोय" म्हणून वाटी पुढे करतात, त्यांच्या अंगावर तर एक ठिपका नाही.

हे मी शिंपीणबाईंना पटवून दिलं. त्या म्हणाल्या, "सल्लागारांचं सोडा. त्यांना काही लागत नाही. आणि तुम्हाला तरी कुठे काय झालंय?"

तेही खरं होतं. माझ्या अंगावर काही नव्हतं. मी ते अभिमानाने सांगत फिरत होते, आणि जितकं सांगत होते तितका संशय वाढत होता.

मधल्या मध्ये त्या ढिगाचा प्रश्न होता. विहीणबाई यायच्या आत मला पट्टी लख्ख हवी होती. तेव्हा वेलीचा एक तुकडा पिशवीत घालून मी नगरपालिकेच्या उद्यान खात्यात गेले. खिडकीमागे एक साहेब कानात किल्ली घालून कान कोरत बसले होते.

"कचरा न्यायचाय? नाव सांगा."

मी माझं नाव सांगितलं.

"तुमचं नाही. झाडाचं."

"झाडाचं मला माहीत नाही. त्याला मी कधी हाक मारली नाही."

"मग लिहू काय? नाव नसलेलं झाड नेता येत नाही." मग त्यांनी पिशवीतून तुकडा बाहेर काढला, उलटा केला, सुलटा केला, बोटांनी पान चुरडून वास घेतला. "ही तर वेल आहे. वेल भिंतीवर आहे ना? मग ती बांधकाम खात्याची."

बांधकाम खातं वरच्या मजल्यावर. तिथे सांगितलं, भिंत आमची, पण भिंतीवर जे जिवंत आहे ते उद्यानाचं. मी विचारलं, "आणि कापलेलं? ते आता जिवंत नाही." त्यावर त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग आरोग्य खातं." आरोग्य खातं जेवायला गेलं होतं. मी परत खाली आले. उद्यानवाले साहेब त्याच बोटांनी पुन्हा कान कोरत होते. मी तुकडा त्यांच्याच टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "नाव सापडलं की कळवा," आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या. येताना स्वतःचा चार खणांचा डबा घेऊन आल्या. "उगाच तुम्हाला त्रास नको," म्हणाल्या. पाण्याची बाटलीसुद्धा घरून. माझ्या घरात त्यांनी चहाला हात लावला नाही. मी हे गिळलं. सूनबाई बघत होती, आणि बघायलाच तर सगळं चाललं होतं. उलट मी जास्तच प्रेमाने पुढे झाले. नुकतीच मागून आले होते, कोयता ठेवून हात फडक्याला पुसून. विहीणबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला, गाल दाबले आणि म्हटलं, "किती दिवसांनी दर्शन दिलंत." अगदी जवळच्या माणसासारखं. माझ्या मनात काय होतं ते माझ्या मनात.

त्यांनी भिंगरीचे कान पाहिले, आपल्या लेकीकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "मी हिला परवा घेऊनच जाते."

मी त्यांना पट्टी दाखवली. झोक्याची दोरी दाखवली. त्या म्हणाल्या, "छान आहे. पण पोरीची तब्येत आधी." मी झोक्याची दोरी गुंडाळून ठेवली. रात्री मी भिंगरीला जवळ घेतलं, तर ती म्हणाली, "आजी, तिकडे गेले तर तू रोज वेणी घालायला येशील?" मी म्हटलं, "बघू." नंतर स्वयंपाकघरात जाऊन मी घासलेली भांडी पुन्हा घासली.

सकाळी विहीणबाई खोलीतून बाहेर आल्या आणि मी हातातलं भांडं खाली ठेवलं. दोन्ही गाल लालभडक. सुजलेले, वर बारीक फोड. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण नंतर. आधी मला जे वाटलं ते असं की आता माझा रस्सा सुटला. या बाईने माझ्या घरचा घास खाल्लेला नाही. पाण्याचा थेंब घेतलेला नाही.

"सूनबाई," मी म्हटलं, "तुझ्या आईला विचार, काल काय जेवल्या."

"आई, तिला इतकं खाजतंय आणि तुम्ही..."

"विचार तर खरं."

विहीणबाई गालाला हात न लावता म्हणाल्या, "माझ्या हातचंच जेवले." आणि मग त्यांनाच काहीतरी उमगलं असावं, कारण त्यांनी वळून आपल्या चार खणांच्या डब्याकडे पाहिलं.

आम्ही सगळे डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने माझ्या सुनेएवढी, पण नजर पक्की. मी दारातच सांगायला सुरुवात केली, "आधी एक गोष्ट स्पष्ट होऊ दे. हे जेवणातलं नाही. विहीणबाईंनी माझ्या हातचं काही खाल्लेलं नाही."

तिने विहीणबाईंना खुर्चीत बसवलं, दिवा जवळ ओढला, एक गाल पाहिला, दुसरा पाहिला. मग म्हणाली, "आजी, जरा इकडे या. हात पुढे करा. लावू नका, नुसता समोर धरा."

मी हात धरला. माझी चार बोटं आणि विहीणबाईंच्या गालावरचे चार लाल पट्टे, एकाला एक. पलीकडच्या गालावरही तसंच. अंगठ्यासकट.

"हे तुमच्याच हातचं आहे," डॉक्टरीण म्हणाली.

"अगं, पण मी सांगतेय ना, यांनी घाससुद्धा..."

"घास नाही म्हणत मी. हात."

मग तिने विचारलं, हातांनी अलीकडे काय काम केलंत, आणि मी वेलीचं सांगितलं, तीन-तीन पानं, लालसर देठ, आणि ती नुसती मान हलवत राहिली. त्या वेलीच्या पानात, देठात, मुळात एक तेलकट रस असतो म्हणाली. कातडीला चिकटला की नुसत्या पाण्याने जात नाही. लगेच साबणाने खसखसून धुतला, नखांखालीसुद्धा, तर बरंच वाचतं. तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथे फोड सहसा येत नाहीत, पण रस बसून राहतो आणि तो हात जिथे जाईल तिथे जातो. कोयत्याच्या मुठीवर, फडक्यावर, कपड्यांवर तर कितीतरी दिवस टिकतो.

ती बोलत होती आणि माझ्या डोक्यातला हिशोब पटापट जुळत होता. यांचे गुडघे. भिंगरीची वेणी घालताना मान आणि कान. शिंपीणबाईंचं मनगट, कारण बोलताना मी समोरच्याचा हात धरते. नाहीतर माणसं मध्येच निघून जातात. सल्लागारांना मी कधी हात लावलेला नाही, लावणारही नाही. ज्याच्यावर माझा जीव, त्याच्यावर पुरळ. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, कोडं सुटल्याचा आनंद आधी झाला.

"फोडांतल्या पाण्याने पसरतं का?" मी विचारलं.

"नाही. पसरतो तो रस. एकदा धुतला की फोड कुणाला लागत नाहीत."

"आणि वाळलेला ढीग जाळला तर?"

डॉक्टरीण खुर्चीतून अर्धी उठली. "जाळलात?"

"पेटला नाही."

"नशीब. धूर श्वासात गेला असता तर छातीपर्यंत त्रास झाला असता. वाळलेल्या पानातही रस असतो. हात लावू नका, जाळू तर मुळीच नका." मग तिने सांगितलं, गार पाण्याची पट्टी ठेवा, हे गुलाबी औषध लावा, खाजवू नका, कपडे वेगळे धुवा, आणि डोळे सुजले किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, तडक इकडे यायचं. विहीणबाईंना चेहऱ्यासाठी वेगळ्या गोळ्या दिल्या.

घरी येताना रिक्षात मी पुन्हा हिशोब मांडला. रस्सा निर्दोष सुटला होता, पण मी अडकले होते. विहीणबाईंनी एवढंच म्हणायचं बाकी होतं, की बघ लेकी, हिच्याच हाताने पोरीला फोड आले. त्यांच्या जागी मी असते तर रिक्षा सुरू व्हायच्या आत म्हटलं असतं.

त्या म्हणाल्या, "पण मग तुम्हाला कसं काही नाही?"

आरोप नव्हता. त्यांनाही नवलच वाटत होतं. मी म्हटलं, "मलाही तेच कळत नाही." आणि बोलताना बाही वर केली, तर कोपराच्या आतल्या बाजूला लाल रांग उठायला लागलेली. विहीणबाईंनी वाकून नीट पाहिली. त्यांच्या सुजलेल्या गालांवर समाधान पसरलेलं मला दिसलं. मी असते तर मलाही झालं असतं.

संध्याकाळी त्याच म्हणाल्या, "ती वेल दाखवा तरी." हातांत प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, पायांत यांचे जुने बूट चढवून, आम्ही दोघी मागे गेलो आणि लांब उभ्या राहून पाहिलं. खिडकीतून सल्लागार म्हणाले, "लिंबू चोळा." आम्ही दोघींनी एकदमच त्यांच्याकडे पाहिलं, आणि खिडकी बंद झाली. ती आजवर उघडीच असायची.

विहीणबाई वेलीकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, ही तर आमच्या कुंपणावर आहे."

"काय म्हणता?"

"अंगणाच्या कडेने सगळी. मीच वाढवली. दिसते किती छान." मग पिशवीतल्या बोटांवर मोजत म्हणाल्या, "यांना दरवर्षी पित्त उठतं. मी त्यांची वांगी बंद केली. मग अंडी बंद केली. आता शेंगदाण्यांवर आले होते."

"आणि ते काही बोलले नाहीत?"

"बोलतील कसे? कुंपण छाटायला मीच पाठवते ना."

मला हसू आवरेना. त्यांनाही आवरेना, पण हसलं की गाल ओढले जात होते, म्हणून त्या "हसवू नका हो, हसवू नका" म्हणत तोंड दाबून हसत राहिल्या. मग त्यांनी घरी फोन लावून व्याह्यांना सांगितलं की कुंपणाजवळ जाऊ नका आणि वांगी खा. पलीकडून लगेच प्रश्न आला, "आणि अंडी?"

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची गाडी न बोलावता आली. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली दोन माणसं ढीग, मुळं, सगळं पिशव्यांत भरून घेऊन गेली. उद्यानवाले साहेब गाडीतच बसून होते. एक कान गुलाबी औषधाने माखलेला, नाकाचा शेंडा पण. मी विचारलं, "नाव सापडलं का?" त्यांनी काच वर केली.

माझ्याही हातांवर कोपरापर्यंत पुरळ उठलं आणि डॉक्टरिणीने मला पाण्यात हात घालायला मनाई केली, म्हणून विहीणबाई चुलीपाशी उभ्या राहिल्या. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या भांड्यांत. मीठ कमी होतं. मी तसं सांगितलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. त्या म्हणाल्या, माझे गाल असे असताना मी प्रवास करणार नाही. मी म्हटलं, कोण म्हणतंय जा.

निघायच्या दिवशी सूनबाई बॅग घेऊन बाहेरच्या खोलीत आली. आम्ही दोघी सोफ्यावर शेजारी शेजारी, त्यांचे गाल गुलाबी, माझे हात कोपरापर्यंत गुलाबी. भिंगरी औषधाची बाटली आणि कापूस घेऊन समोर उभी. मी बोट जरा वळवलं की म्हणायची, "इकडची आजी, खाजवायचं नाही." विहीणबाईंनी मान हलवली की, "तिकडची आजी, मी बघतेय." दोघी मुकाट्याने हात मांडीवर ठेवत होतो. मी आयुष्यात इतक्या मुकाट्याने कुणाचं ऐकलेलं नाही.

मी सूनबाईच्या तोंडाकडे बघत होते. विहीणबाईही बघत होत्या. आता ती ठरवणार होती.

तिने आमच्याकडे पाहिलंच नाही. ती भिंगरीजवळ वाकली, तिचे कान तपासले, पापा घेतला आणि म्हणाली, "मी जाऊन येते. दोघींवर नीट लक्ष ठेव. ऐकलं नाही तर मला फोन कर."

नात शेवटी कुणाकडे ठेवली, असं शिंपीणबाई अजून विचारतात. माझ्याकडे ठेवली असं मला सांगता येत नाही, आणि विहीणबाईंनाही येत नाही. आम्हालाच तिच्याकडे ठेवलंय.